बिनमुकुटाचा राजा व्हायचंय?

कुळांचं पुढारीपण करायचं मनात असेल, तर आधी जमीनदाराच्या घरी जन्माला या. आयर्लंडचा ‘बिनमुकुटाचा राजा’ म्हणवला गेलेला पुढारी चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल १८४६ साली विकलो परगण्यात असाच जन्मला: वाडा, जमीनजुमला, धर्म प्रॉटेस्टंट, आणि पुढे ज्यांचं नेतृत्व करायचं ती कुळं बहुतेक कॅथलिक. केंब्रिजला जा, मारामारीत निलंबित व्हा आणि पदवी न घेताच घरी बसा. हिरव्या रंगाचा धसका घ्या. देशाचा रंगच हिरवा आहे, हे मनावर घेऊ नका.

बोलता येत नसेल तर काळजी नको. पार्नेल सुरुवातीला अडखळायचा. सभागृह बंद पाडायला वक्तृत्व लागत नाही, दम लागतो. १८८१ मध्ये आयरिश खासदारांनी लंडनच्या संसदेची एक बैठक ४१ तास ताणली.

पार्नेलनं १८८० मध्ये घेतली तशी आयर्लंडातल्या एनिस गावी सभा घ्या. हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याचं काय करायचं, असं विचारा. गर्दीतून ‘गोळ्या घाला’ असा आवाज येईल. तुम्ही शांतपणे सांगा, याहून जास्त ख्रिस्ती मार्ग आहे: त्याला महारोग्यासारखा वाळीत टाका. दोनच महिन्यांत मेयो परगण्यातला कॅप्टन बॉयकॉट हा इस्टेटीचा कारभारी स्वतःच्याच शेतात एकटा पडला. पीक काढायला अल्स्टरहून ५० स्वयंसेवक आणावे लागले, त्यांच्याभोवती फौज. बिचाऱ्याच्या आडनावाचं क्रियापद झालं, आणि पंचवीस वर्षांनी ते स्वदेशीच्या चळवळीत पुण्यापर्यंत पोचलं.

शत्रूही नीट निवडा. लंडनच्या ‘टाइम्स’नं १८८७ मध्ये पार्नेलच्या नावाचं, खुनाचं समर्थन करणारं पत्र छापलं. ते रचणारा पत्रकार पिगट चौकशीत सापडला तो एका इंग्रजी शब्दाच्या चुकीच्या स्पेलिंगमुळे. पार्नेल सभागृहात आला तेव्हा मित्रपक्ष लिबरलांचे खासदार, नेते ग्लॅडस्टनसकट, उठून उभे राहिले.

इथंच थांबला असता! पण तुम्ही थांबू नका. आपल्याच गोटातल्या खासदाराच्या, कॅप्टन ओशेच्या, बायकोबरोबर दहा वर्षं संसार करा. भिऊ नका, सगळ्यांना ठाऊक असतं. ग्लॅडस्टनचे निरोपसुद्धा याच कॅथरीनबाईंमार्फत यायचे. फक्त गोष्ट कोर्टाच्या कागदावर येऊ देऊ नका. १८९० च्या नोव्हेंबरात घटस्फोटाचा निकाल लागला, आणि ग्लॅडस्टनच्या पक्षाला अचानक नीतिमत्ता आठवली. बिशपांना तर आठवणारच. महिन्याभरात पार्नेलचा पक्ष दुभंगला. निम्म्याहून जास्त खासदार उठून गेले.

त्यानंतर तीन पोटनिवडणुका लढवा आणि तिन्ही हरा. किलकेनीच्या प्रचारात डोळ्यांत चुना फेकला जाईल. एनिसला शिकवलेलं लोक विसरलेले नसतात. पंचेचाळिसाव्या वर्षी, ऑक्टोबर १८९१ मध्ये, इंग्लंडात मरा. मग अनुयायी दर स्मृतिदिनाला कोटावर आयव्ही वेलीचं पान लावतील. हिरवंगार.