सांबार संभाजी महाराजांच्या नावाचं? जरा थांबा

दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर हा निरोप फिरतो. तंजावरच्या मराठी दरबारात संभाजी महाराज पाहुणे म्हणून गेले. तिथले राजे शहाजी, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचे चिरंजीव, यांना आमटी प्रिय होती. पण महाराष्ट्रातून येणारं कोकम नेमकं संपलं. मग कुणा हुशार आचाऱ्याने चिंच वापरली, मुगाऐवजी तूर घेतली, पाहुणे खूश झाले आणि 'संभा'चा आहार म्हणून पदार्थाचं नाव पडलं सांबार. शेवटी ठरलेली ओळ: 'अभिमान असेल तर पुढे पाठवा.'

अभिमान आहे, म्हणूनच पुढे पाठवत नाही.

'कोकम संपलं म्हणून चिंच आली.' ही गोष्ट रचणाऱ्याने देशावरची आमटी खाल्लेली दिसत नाही. कोकम कोकण-गोव्याच्या पट्ट्यातलं. घाटावर आमसूल पोचतं, पण चिंच-गुळाची आमटी तिथे रोजचीच. दख्खनच्या गावागावांत चिंचेची झाडं उभी आहेत. तुरीचंही तेच. आमटी म्हटल्यावर देशावर आधी तुरीचीच डाळ शिजते. म्हणजे आचाऱ्याने लावलेला 'शोध' साताऱ्या-सोलापुराच्या कुठल्याही चुलीवर आयता सापडला असता.

शिवाय शहाजी काही महाराष्ट्रातून नुकतेच दक्षिणेत उतरलेले नव्हते. त्यांचे आजोबा, थोरले शहाजीराजे, 1638 नंतर बंगळूरच्या जहागिरीवर स्थिरावले होते. वडील व्यंकोजी तिथेच वाढले आणि 1675 च्या सुमारास तंजावरचे धनी झाले. शहाजींनी स्वतः तेलुगूत यक्षगानं, म्हणजे गाण्या-नाचाची नाटकं, रचली. दक्षिणेच्या भाषेत लिहिणारा राजा दक्षिणेच्या चिंचेला बिचकून कोकमाच्या पुडीची वाट बघत बसला होता, हे पटतं तुम्हाला?

'संभाजी महाराज पाहुणे म्हणून आले तेव्हाची गोष्ट.' तारखा लावून बघू. शहाजी गादीवर आले 1684 मध्ये. संभाजी महाराज संगमेश्वराला पकडले गेले फेब्रुवारी 1689 मध्ये. मधली जेमतेम पाच वर्षं उरतात. त्याच पाच वर्षांत औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून होता, 1686 मध्ये विजापूर पडलं आणि 1687 मध्ये गोवळकोंडा. अशा धामधुमीत छत्रपती चुलतभावाकडे निवांत जेवायला गेले असतील, तर एखाद्या पत्रात, निदान एखाद्या बखरीत त्याचा मागमूस लागायला हवा. निरोप पाठवणारे तो कधीच देत नाहीत. फार ताणलं तर 'तंजावरच्या पाकशास्त्राच्या पोथीत आहे' म्हणतात. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी पाकशास्त्र आहे खरं, पण ते तंजावरचे नंतरचे राजे सरफोजी दुसरे यांच्या काळातलं. त्यांचं राज्य सुरू झालं 1798 मध्ये. त्या पोथीतून सरफोजींच्या मुदपाकखान्यात काय शिजत होतं ते कळेल. शंभरएक वर्षांपूर्वी पंगतीला कोण बसलं होतं, ते नाही.

'नावच पुरावा आहे.' गोष्टीचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबायला हवं. मालवणात जा आणि काळ्या वाटाण्याचं सांबार मागा. भाजलेल्या ओल्या खोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला, दाट काळसर रस्सा आणि सोबत आंबोळ्या किंवा वडे. तुरीच्या डाळीचा दाणा नाही त्यात. मग नागपूरला जा. तिथे भाजीवाल्याकडे सांबार मागितला की तो कोथिंबिरीची जुडी हातात देतो, आणि सांबारवडी म्हणजे कोथिंबीर ठासून भरलेली खमंग वडी. गुजरातेत लोणच्याच्या मसाल्याला संभार म्हणतात. संस्कृतात संभार म्हणजे जमवलेली सामग्री. मसाला, मसाल्याची पाला-पत्ती आणि मसाला घातलेला रस्सा असे या शब्दाचे धागे जुळतात. त्यासाठी कुणा राजपुत्राचं नाव लागत नाही. नाहीतर विदर्भातल्या कोथिंबिरीलाही महाराजांच्या पंगतीला बसवावं लागेल.

आणि डाळ-चिंचेचं कालवण एकट्या तंजावरचं कुठे आहे? कन्नड घरात ते हुळी असतं, तेलुगूत पप्पु-पुलुसु. उडुपीकडे त्यात खोबरं आणि गूळ पडतो, तमिळ घरांत ताजा मसाला वाटून घातलेलं सांबार वेगळंच. एवढ्या पसाऱ्याचा जन्म एका राजवाड्यात, एका दुपारी झाला असं मानायला जबर श्रद्धा हवी. (हल्लीच्या सांबारातला टोमॅटो तर 1680 च्या दशकात तिथे कुणाला ठाऊकही नव्हता. महाराजांना वाढलं असतं तरी ते आजचं सांबार नसतंच.)

'तर सांबार मूळचं आपलं, दाक्षिणात्यांनी ढापलं.' निरोपाचा खरा रोख हाच असतो, आणि मला राग येतो तो याचाच. तंजावरात मराठ्यांनी काय केलं हे सांगायला उसनी गोष्ट कशाला? तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर 1803 मध्ये कोरलेला भोसल्यांच्या घराण्याचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. मोडी कागदांचे ढीग आहेत. खाण्याचंच हवं असेल तर व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाईंच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्तांचा 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ आहे. मराठी राजघराण्याच्या छायेत अन्नाच्या गुणदोषांवर एवढं लिहिलं गेलं, हे किती निरोपांत वाचलंत?

ताटातला दुवा हवाच असेल तर तोही आहे. तमिळ घरांत डांगर पचडी होते. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवायचं आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्यायची. आपल्याकडचं उडदाचं डांगर आठवा, त्यात कच्चा कांदा आणि थोडं ताक असतं, एवढाच काय तो फरक. नाव सारखं, पीठ सारखं, कालवायची रीतही जवळपास तीच. त्याच्यावर मात्र अजून कुणी निरोप लिहिलेला नाही.