साडेतीन लाखांच्या हिशेबात न बसणारा घोडा

परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातील आमच्या वर्गमित्रांचा मोबाइलवर एक गट आहे आणि गेल्या महिन्यात त्यावर एक वाद पेटला. एका मित्राच्या मुलीला घोड्यांच्या शस्त्रक्रियेत विशेष शिक्षण घ्यायचे आहे. त्यावर दुसऱ्याने लिहिले की ज्या देशात २०१९ च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टे मिळून साडेतीन लाखही भरले नाहीत, त्या देशात घोड्याच्या आतड्यापायी जन्म घालवणे ही श्रीमंतांची चैन आहे. पशुवैद्याने गायी-म्हशी सांभाळाव्यात. त्याला भराभर अनुमोदने मिळाली. मी काही लिहिण्याआधीच ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जाते’ हेही येऊन पडले.

तिकडे म्हणजे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात. मी शल्यचिकित्सक नाही, प्रयोगशाळेत काचपट्ट्या पाहणारा माणूस आहे. परंतु रॉलीत राहून घोड्याच्या पोटशूळाविषयी काहीच कानावर न येणे अशक्य आहे. मध्यरात्री सदर्न पाइन्सहून ट्रेलर निघतो, आत एखादी म्हातारी घोडी घामाने भिजलेली असते, आणि कोस्टल जातीच्या वाळल्या गवताने आतडे तुंबले आहे की पीळ बसला आहे, एवढाच प्रश्न असतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे वाट अडली की जठर फुगत जाते आणि प्रसंगी फुटते. उतारवयात चरबीची एखादी गाठ देठावर लोंबू लागते आणि तोच देठ लहान आतड्याला फास घालतो. मग घोड्याला भूल देऊन पाठीवर निजवायचे, पोट मध्यरेषेवर उघडायचे आणि वीस-बावीस मीटर आतडे हातांनी चाचपत पुढे न्यायचे. निरोगी भाग फिकट गुलाबी असतो, फासातला काळाजांभळा. काळा कापून टाकण्यात कुणाला शंका नसते. खरी परीक्षा त्या दोन्हींच्या मधल्या, लालसर सुजलेल्या भागाची: तो ठेवायचा की काढायचा?

याच मधल्या भागावर येथील राज्य विद्यापीठातील शल्यचिकित्सक अँथनी ब्लिक्सलागर यांनी आपली कारकीर्द वेचली. रक्तपुरवठा तुटल्याने सोलवटलेले आतड्याचे अस्तर स्वतःला कसे सांधते, हा त्यांचा प्रश्न. १९९७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले काम घोड्यावर नव्हते, डुकराच्या आतड्यावर होते. प्रोस्टाग्लँडिने, म्हणजे शरीरच तयार करते ती संप्रेरकांसारखी द्रव्ये, त्या सांधण्याला हातभार लावतात, असे त्यात दिसले. पुढची शंका साहजिक होती. पोटशूळात जगभर जे वेदनाशामक सर्रास टोचले जाते ते फ्लुनिक्सिन नेमकी हीच प्रोस्टाग्लँडिने रोखते. २००४ साली घोड्यांच्या आतड्यावर तपासले तेव्हा फ्लुनिक्सिनने अस्तराची भरपाई रेंगाळते आणि जिवाणूंची विषे आरपार झिरपतात, असे आढळले. पुढच्या कामात फिरोकॉक्सिब हे वेदनाशामक, जे सरसकट सगळी नव्हे तर मुख्यतः सूज-वेदनेशी निगडित प्रोस्टाग्लँडिने रोखते, त्या मानाने निरुपद्रवी निघाले. २०१९ साली अनेक रुग्णालयांनी मिळून खऱ्याखुऱ्या रुग्ण घोड्यांवर या दोन औषधांची तुलना प्रसिद्ध केली: वेदना दोन्हींनी सारखीच आवरली, मात्र विषे रक्तात शिरल्याची खूण फ्लुनिक्सिन दिलेल्या घोड्यांत अधिक उमटली. एका प्रश्नामागे वीसहून अधिक वर्षे. आमच्या गटाच्या मते ही चैन.

बरे, गायीम्हशींचा कैवार घेणाऱ्यांनीच आठवावे की गुरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने ती मेलेली गुरे खाणारी आपली गिधाडे संपत आली आणि २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. गिधाडाच्या मूत्रपिंडात डोकावणे त्याआधी कोणाला उपयुक्त वाटले असते? आणि घोडा श्रीमंतांचाच म्हणायचा, तर सर्पदंशावरचे प्रतिविष कोणाच्या रक्तापासून बनते? हाफकिन संस्थेने पिंपरीला घोडे पाळले ते काही हौसेखातर नव्हते. ज्या ऊसतोड मजुराला रात्री फुरसे चावते, त्याचा जीव घोड्यावरच अवलंबून असतो.

मला अधिक चीड येते ती आपल्या घोड्यांविषयीच्या अभिमानाची. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार भरला की कोणत्या घोड्याला किती कोटी मागितले, याच्या बातम्या छापून येतात. तोच घोडा रात्री लोळू लागला, पोटाकडे वळून वळून पाहू लागला, तर त्याला हिंग-ओव्याचा काढा पाजून अंगणात फिरवतात. शर्यतीच्या घोड्यांची सोय पुण्या-मुंबईत होते. वरातीच्या घोडीला, माथेरानच्या तट्टाला शस्त्रक्रियेचे टेबल दिसण्याची आशा जवळजवळ नसते. आकडा लहान आहे म्हणून शिकू नका, असे सांगणाऱ्यांना हे ठाऊक आहे, आणि तरीही ते सांगतात.

येथे अमेरिकेतही शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाही म्हणून कित्येक घोड्यांना ट्रेलरमध्येच कायमचे निजवले जाते. हे मी गटावर लिहिले नाही. लिहिले असते तर माझा अर्धा युक्तिवाद मीच समोरच्याच्या हाती दिला असता. येथे असल्या गप्पांत मी भारताची बाजू लावून धरतो, आणि तेथे अमेरिकेची. दोन्हीकडचे लोक सौजन्याने ऐकून घेतात आणि निर्णय आपापसांत घेतात. इतक्या तावातावाने लिहिण्यामागे घोड्यांची कणव किती आणि ‘अजून मीही तुमच्यातलाच आहे’ हे पटवण्याची धडपड किती, याचा हिशेब मी टाळत आलो आहे.

त्या मुलीने मला वेगळा निरोप पाठवून विचारले, काका, शिकून परत यावे का? परतण्याविषयी सल्ला देण्याचा अधिकार मी केव्हाच गमावला आहे, असे मी तिला कळवले. आतड्याविषयी मात्र चार पाने लिहिली आणि फिरोकॉक्सिबचे सगळे शोधनिबंध जोडून पाठवले.