सेकंदाला २५ जीबी देणाऱ्या रॅमच्या स्टिकमधून १८० जीबी कसे काढावेत

दिवाळीत घेतलेल्या कॉम्प्युटरचं झाकण परवा उघडलं. घेताना सप्लायरनं राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात बसून आकडा दाखवला होता: मेमरीचा वेग सेकंदाला १८० जीबी. नाद खुळा! आत निघाली डीडीआर४-३२०० जातीच्या रॅमची एकुलती एक स्टिक. सेकंदाला ३२० कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट, म्हणजे २५.६ जीबी, तेही कागदावर. उरलेले दीडशे कुठून आले, ते त्याचा वेग मोजायचा कोड वाचून शिकलो. तुम्हीही शिका.

वाचून बघायची आकड्यांची रांग, म्हणजे ॲरे, एक-दोन एमबीचाच घ्या. सगळं कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या छोट्या वेगवान मेमरीत मावतं, रॅमला त्रास नाही. मेमरीचा वेग मोजायच्या ‘स्ट्रीम’ चाचणीचे कर्ते मॅकॅल्पिन म्हणतात, ॲरे शेवटच्या, सगळ्यात मोठ्या कॅशच्या किमान चौपट हवा. म्हणू देत.

बेरीज करा, पण उत्तर वापरू नका. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा कंपायलर ती बिनकामाची बेरीजच उडवून टाकेल.

लिनक्सवर मेमरी मागा आणि काही न लिहिता थेट वाचत सुटा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सगळीकडे मेमरीचं तेच एक शून्यांनी भरलेलं पान दाखवतो. रंकाळ्याला दहा फेऱ्या मारल्याची शेखी, प्रत्यक्षात शालिनी पॅलेससमोर एकाच जागी उड्या!

लॅपटॉप चार्जरवर मोजा, गिऱ्हाइकाला बॅटरीवर द्या.

आणि वाचायचं ते ओळीनं. प्रोसेसरमधला प्रीफेचर पुढचं आधीच ओळखून आणून ठेवतो. मग बिनधास्त सांगा, डेटाबेसही असाच पळेल. कसा पळेल? डेटाबेसच्या इंडेक्समध्ये, म्हणजे शोधसूचीत, एक नोड (टप्पा) वाचल्याशिवाय पुढचा पत्ता कळत नाही. कॅशमध्ये नसेल तर दर उडीला ऐंशी-शंभर नॅनोसेकंद, तोवर प्रोसेसर हात बांधून उभा. कारखान्याची पंधरवड्याची ऊस बिलं काढायला बसलो, रात्रीचे दोन वाजले. शेती खात्यातले साहेब दर दहा मिनिटांनी येऊन स्क्रीनकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघून जायचे. चहावाला पोरगासुद्धा म्हणाला, "अजून फिरतंयच काय वो?"

अरे सप्लायर मर्दा, नीट मोजायला तासभर लागतो! ॲरे मोठा घे, आधी प्रत्येक पानावर काहीतरी लिही, उत्तर छाप, उड्या मारत वाचूनही बघ. २५.६ च्या वर आकडा आला की आपलंच कुठंतरी चुकलंय एवढं कळायला इंजिनियर व्हावं लागतंय काय? तुझ्याच बोर्डवर दुसऱ्या चॅनेलचा, म्हणजे रॅमकडं जाणाऱ्या दुसऱ्या वाटेचा स्लॉट रिकामा होता. तसलीच एक स्टिक लावली असतीस तर कागदावर तरी ५१.२ झाले असते. पण तू आकडा रंगवत बसलास.