बंदी उठली म्हणून गिऱ्हाईक परत येत नाही

आज सकाळी टीव्हीवरच्या चर्चेत एक गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, कांद्याची निर्यातबंदी चार-सहा महिन्यांची असते, उठली की व्यापार पूर्ववत सुरू होतो. तेव्हापासून डोकं तापलंय. कामाला बसले, पण मन लागेना, म्हणून लिहितेय.

पूर्ववत? माझ्या मामाला विचारा. निफाड तालुक्यात त्याचं कांदा पॅकिंगचं छोटं शेड आहे, कागदपत्रं मी बघते. 7 डिसेंबर 2023 च्या रात्री त्याचे दोन कंटेनर कोलंबोसाठी निघाले. सकाळी ड्रायव्हरचा फोन, ‘ताई, बंदरात माल आत घेत नाहीत.’ अधिसूचना निघाली होती, 8 तारखेपासून निर्यात बंद, 31 मार्चपर्यंत. कस्टमच्या ताब्यात आधीच गेलेला माल सुटला. अधिसूचना निघाली तेव्हा आमचा कसारा घाटात होता.

माल लाल कांद्याचा. शहरातल्या मित्रांसाठी सांगते, उन्हाळ कांदा कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडात, महिनोन्‌महिने राहतो, खरिपाचा लाल राहत नाही. त्यात पाणी जास्त, लगेच कोंब धरतो. डिसेंबरात बंदी घातली की शेतकऱ्याला थांबायची सोयच उरत नाही, मिळेल त्या भावात विकावं लागतं. भाव कोसळले, लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला. आमचा माल वाशीला मातीमोल गेला.

ते नुकसान मामानं सोसलं. कोलंबोचा व्यापारी गेला ते त्याला अजून सोसत नाही. तो माणूस फोनवर भांडलासुद्धा नाही. एवढंच म्हणाला, भाव वाढवा, मी देईन, पण माल येणार की नाही हे मला आधी कळलं पाहिजे. हेच 2019 च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन सांगून गेल्या होत्या. तेव्हाही अशीच अचानक बंदी झाली होती. स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या हसत म्हणाल्या, आणि पुढच्या वेळी आधी कळवा अशी विनंती केली. सगळ्यांनी तो विनोद म्हणून दाखवला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 2020 मध्ये, पुन्हा न कळवता बंदी.

आणि ‘उठते’ म्हणजे कशी उठते तेही ऐका. 31 मार्च यायच्या आतच ती बेमुदत वाढवली. मधेच गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला परवानगी, नाशिकच्या खासगी निर्यातदारांना नाही. 4 मे 2024 ला, आमच्याकडचं लोकसभेचं मतदान तोंडावर आल्यावर उठवली, ती टनामागे 550 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखाली बाहेर विकायचं नाही) आणि वर 40 टक्के शुल्क लावून. शेवटचं 20 टक्के शुल्क गेलं 1 एप्रिल 2025 ला. एवढा काळ कोलंबोतली हॉटेलं कांद्याशिवाय चालली असतील का?

बंदी उठल्यावर मामानं मे महिन्यात कोलंबोच्या व्यापाऱ्याला फोन केला होता. तोवर त्यानं कराचीहून माल बांधून घेतला होता. माणूस गोड बोलला. नंतर मुलाच्या लग्नाची पत्रिकासुद्धा आली. ऑर्डर आली नाही.

1973 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सननं अमेरिकेच्या सोयाबीनची निर्यात रोखली, देशातले भाव वाढले म्हणून. काही महिन्यांत बंधनं उठली. पण अमेरिकेच्या सोयाबीनवर जगणारा जपान घाबरला आणि पुढं ब्राझीलच्या सेराडोतली माळरानं लागवडीखाली आणायला त्यानं पैसा ओतला. आज सोयाबीन निर्यातीत ब्राझील जगात पहिला आहे. अर्थतज्ज्ञांनी हे मला शिकवायला हवं, मी त्यांना नाही!

मान्य, कांदा 80 रुपये झाला की रोजंदारीवरच्या बाईची भाजी अवघड होते. तिला स्वस्त कांदा मिळायलाच हवा. मग तो सरकारी तिजोरीतून द्या ना! तिचा भार दीड एकरवाल्यानं एकट्यानं का उचलायचा?

ऑगस्ट 2025 ची आठवण करून देते. ट्रम्पनं भारताच्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं तेव्हा आपण सगळे किती चिडलो होतो. मीही चिडले, आणि ते बरोबरच होतं. पण त्या हुकुमावर 6 ऑगस्टला सही झाली आणि तो 27 ला लागू झाला. तोवर जहाजावर चढलेल्या मालाला ठरावीक मुदतीपर्यंत सूटही होती. मामाला एक दिवससुद्धा मिळाला नाही. परक्यानं केलं की अन्याय, आणि आपल्याच माणसांवर केलं की महागाई नियंत्रण?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. मामा या हंगामातही कोलंबोला नमुन्याच्या गोण्या पाठवणार आहे, पंचावन्न मिलिमीटरच्या पुढचा निवडलेला माल. मी त्याला नको म्हणणार नाही.

फक्त एक मागणी आहे. बंदी घालायचीच असेल तर किमान महिनाभर आधी जाहीर करा, आणि ज्या मालाचा करार आधी झालाय तो जाऊ द्या. तुमच्यापैकी ज्यांची खासदारांकडे ऊठबस आहे, त्यांनी लाल कांदा बाजारात यायच्या आत एवढं त्यांच्या कानावर घाला. त्या अधिसूचनेची प्रत आणि आमची परत आलेली कागदपत्रं मी पाठवते.