हाताला चिकटली नाही म्हणजे शाई पक्की झाली?

‘टी-शर्ट छपाईला ड्रायर म्हणजे पैशांची नासाडी, हीट गन पुरते’ असा मेसेज सगळीकडे फिरतोय. परवा तो भाच्याने मला पाठवला, वर विचारतो, ‘मावशी, कन्व्हेयरचं रद्द करू का?’ कन्व्हेयर म्हणजे शर्ट सरकत्या पट्ट्यावरून आत नेऊन शाई तापवणारा ड्रायर. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज म्हणतो, बोट लावून बघा, चिकटलं नाही तर काम झालं. सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. टी-शर्टवर छापायची नेहमीची शाई म्हणजे प्लॅस्टिसोल, ती मुळात वाळतच नाही. त्यात पाणी नसतं. पीव्हीसीचे बारीक कण प्लॅस्टिसायझर नावाच्या द्रवात असतात. उष्णतेने ते हा द्रव शोषून फुगतात आणि शेवटी एकजीव होतात. 100 अंश सेल्सिअसच्या आसपासच शाई जेल होते, बोटाला लागत नाही. पक्की व्हायला मात्र नेहमीच्या प्लॅस्टिसोलचा अख्खा थर, पार कापडाला चिकटलेल्या तळापर्यंत, 160 अंशांच्या आसपास तापावा लागतो. अर्धवट तापलेला शर्ट दिसतो झकास. प्रिंट दोन्ही हातांनी ताणा, तडे दिसतील. धुतल्यावर पापुद्रे सुटतात आणि शिव्या छापणाऱ्याला बसतात. हे तापमान शाईच्या टेक्निकल डेटा शीटवर स्पष्ट छापलेलं असतं. लो-क्युअर, म्हणजे कमी उष्णतेत पक्क्या होणाऱ्या शाईला 130 च्या आसपास पुरतं, तेही तिथेच लिहिलेलं असतं. उपदेश करण्याआधी ती शीट एकदा तरी वाचायची!

हीट गन म्हणजे हातात धरून गरम हवा सोडायचं यंत्र. तिचा झोत एका जागी पडतो. तिथे कापड करपतं आणि चार बोटं पलीकडे शाई कच्चीच राहते.

मेसेज पुढे म्हणतो, ‘फ्लॅश आणि कन्व्हेयर एकच.’ नाही. फ्लॅश म्हणजे शर्टावर धरायचा तापलेला पॅनेल, तो एक रंग छापून दुसरा छापण्याआधी शाई जेल करायला असतो. त्याखाली जास्त वेळ धरून शाई क्युअर, म्हणजे पक्की होते, पण मध्यभागी आणि कडांना उष्णता सारखी मिळत नाही. कन्व्हेयरमध्ये बेल्टचा वेग एकदा बसवला की प्रत्येक शर्टाला तेवढाच वेळ मिळतो.

‘हीट प्रेसने (गरम प्लेटने दाबणाऱ्या यंत्राने) भागतं’ यात तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. थोडे शर्ट असतील आणि शाई प्लॅस्टिसोल असेल तर वर टेफ्लॉन शीट ठेवून चालतं, फक्त प्रिंट जरा चपटा होतो. वॉटर-बेस शाईत मात्र आधी पाणी उडायला हवं, आणि दाबलेल्या प्लेटखाली वाफ कोंडते. तिला गरम हवा खेळती ठेवणारा ड्रायरच लागतो. मेसेजमध्ये शाई कोणती, याचा उल्लेखच नाही!

‘जितकं गरम तितकं पक्कं’ हे पॉलिएस्टरवर करून बघा: कापडाचा रंग शाईत चढतो आणि लाल शर्टावरचा पांढरा प्रिंट गुलाबी होतो.

राहिला तापमान बघायला लांबून रोखायचा इन्फ्रारेड थर्मामीटर. तो फक्त वरचा पृष्ठभाग मोजतो. थराच्या आतलं तापमान बघायचं तर ओल्या शाईत प्रोब (तापमान मोजणारी तार) टेकवून शर्ट ड्रायरमधून सोडा, आणि ऑर्डर पाठवण्याआधी त्यातला एक शर्ट चार-पाच वेळा धुऊन बघा.