नागद्वार, रबरी चप्पल आणि माळ्यावरचे बूट : एका प्रतिक्रियेला उत्तर

काकाजी, नमस्कार.

ट्रेकिंगच्या बुटांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पावसाळ्याला वेगळे, उन्हाळ्याला वेगळे आणि बर्फाला वेगळे बूट हे बाजारानं लावलेलं खूळ आहे, असं तुमचं म्हणणं. पचमढीच्या डोंगरात नागपंचमीच्या सुमारास भरणारी नागद्वारची यात्रा तुम्ही तरुणपणापासून रबरी चपलेवर केलीत. छिंदवाड्याकडच्या पाताळकोटातली, मेळघाटातली माणसं तर अनवाणीच डोंगर चढतात. मुलानं घेऊन दिलेले महागडे वॉटरप्रूफ बूट तुम्ही पाच वर्षं माळ्यावर जपून ठेवलेत, मागच्या श्रावणात घातलेत आणि पहिल्याच मोठ्या उतारावर सोल सुटून हातात आला. आता नातू यात्रेला निघालाय, माझा लेख वाचून दहा हजारांचे बूट मागतोय, आणि तुम्ही माझ्यावर रागावला आहात.

सुरुवात त्या सुटलेल्या सोलपासूनच करते. महाग बूट टिकत नाहीत असा निष्कर्ष तुम्ही काढलात, तो तिथूनच आलाय. माझ्या मते त्या बुटाला चालण्यानं काही झालं नाही, त्याला जपून ठेवण्यानं मारलं.

चांगल्या ट्रेकिंग बुटात जमिनीला लागणाऱ्या रबराच्या आणि तळपायाच्या मध्ये फोमचा एक जाड थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. महागड्या, जड बुटांत तो बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. हा फोम वजन छान पेलतो आणि लवकर दबत नाही, पण हवेतली ओल त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहते. उष्णता वाढली की हे तुटणं आणखी वेगानं होतं. बूट पायात असो की खोक्यात, ही क्रिया थांबत नाही. आता आपल्या नागपूरचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, स्लॅबखालचा माळा त्याहून तापलेला, आणि मग लगेच जून-जुलैची दमट हवा. पॉलियुरेथेनचं नुकसान करायला याहून सोयीची जागा शोधून सापडायची नाही. बरेच उत्पादक अशा सोलचं आयुष्य बनवल्यापासून साधारण पाच ते दहा वर्षं धरतात, आणि त्यातला काही काळ दुकानात नि गोदामात आधीच गेलेला असतो.

बूट अजून घरी असेल तर सुटलेल्या जागी बोटानं दाबून बघा. फोमचा भुगा होत असेल तर हेच घडलंय. फोम शाबूत असेल आणि रबर सालीसारखं स्वच्छ निघालं असेल तर चिकटवणाऱ्या सोल्यूशननं उष्णतेत दगा दिला. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत ठेवलेल्या बुटांचं असंच होतं. नागद्वारच्या वाटेवर सुतळीनं बूट बांधून उतरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यातले कितीतरी बूट वरून अगदी नवे दिसतात.

म्हणून वर्षातून एकदा यात्रेला जाणाऱ्या नागपूरकराला मी महागडा, जड, पॉलियुरेथेनचा बूट घ्या असं सांगणारच नाही. त्याच्यासाठी ईव्हीए फोमचा हलका, मध्यम किमतीचा बूट बरा. ईव्हीए वापरानं दबून चपटा होतो, त्याचा मऊपणा जातो, पण ओलीनं असा कुजत नाही. बूट कोणताही असो, तो माळ्यावर, डिक्कीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत नको, कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवावा. अधूनमधून घालून अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सला चक्कर मारावी. बूट मोकळा राहतो, आणि सोल सुटायला लागला असेल तर ते घराजवळ कळतं.

आता अनवाणी चालणाऱ्यांबद्दल. त्यांच्याविषयी तुम्हाला जो आदर आहे तो मलाही आहे, आणि त्यामागं नुसती भावना नाही. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्याचा पंजा रुंद होतो, बोटं मोकळी राहतात, तळव्याला जाड घट्टे येतात. केनियातल्या लोकांची प्रामुख्यानं पाहणी करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की घट्टे कितीही जाड झाले तरी तळपायाला जमिनीचा स्पर्श तितकाच नीट कळतो. म्हणजे तो पाय संरक्षणही देतो आणि वाटही ओळखतो. पण तो पाय एका श्रावणात तयार होत नाही. आठवडाभर ऑफिसात मोजे-बुटात बसणाऱ्या पोरानं शनिवारी अनवाणी नागद्वार करायला घेतलं, तर रविवारी त्याला खांद्यावर आणावं लागेल. आणि तुमच्या वयाच्या मंडळींपैकी ज्यांना शुगर आहे, त्यांना तर मी हात जोडून सांगते, अनवाणी किंवा उघड्या चपलेत जाऊ नका. शुगरमुळे पायाची संवेदना कमी झालेली असू शकते, मग काटा रुतला तरी कळत नाही, आणि ती जखम पुढे पाय घालवण्यापर्यंत जाऊ शकते. श्रद्धेनं अनवाणी जाणाऱ्यांना अडवण्याचा अधिकार मला नाही, पण एवढं बोलल्याशिवाय राहवत नाही.

चपलेचं म्हणाल तर सपाटीवर ती उत्तमच. पाणी साचत नाही, हवा लागते, घाव दिसतो. अडचण उताराला येते. ओला पाय ओल्या चपलेत पुढे सरकतो, पट्टा बोटांच्या बेचक्यात कापतो, आणि ओल्या लोखंडी शिडीवर टाच मोकळी असणं धोक्याचं. तुमच्या पायाला पन्नास वर्षांची सवय आहे, नातवाच्या पायाला नाही.

वॉटरप्रूफ बुटांबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूनं आहे, आणि हे मी खूप ठामपणे सांगते. ते बूट गोर-टेक्ससारख्या पातळ पडद्यावर चालतात. हा पडदा म्हणजे ताणलेला टेफ्लॉन, तो १९६९ मध्ये सापडला. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे वीस हजार पटींनी लहान असतात, पण वाफेच्या रेणूपेक्षा मोठी, त्यामुळे पाऊस आत येत नाही आणि घामाची वाफ बाहेर जाते. पण वाफ बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड आणि कोरडी हवी. डिसेंबरात उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या बर्फात ती तशी असते, तिथं हा बूट पैसे वसूल करतो. श्रावणातल्या पचमढीत बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली, तर वाफ जाणार कुठं? शिवाय नाला ओलांडताना पाणी घोट्यावरून आत शिरतं, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तो बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर पाय पाण्यात भिजत राहतो, कातडी पांढरी, मऊ पडते आणि फोड येतात. पावसाळ्यात जाळीदार बूट हवा, ज्यातून पाणी आलं तसं निघून जाईल. पाय ओले होणारच, ते लवकर कोरडे कसे होतील एवढंच आपल्या हातात असतं.

‘वेगवेगळ्या परिस्थितीला वेगळे बूट’ असं मी लिहिलं ते एकेका माणसानं चार जोड घ्यावेत म्हणून नाही. आपण जास्तीत जास्त कुठं चालतो ते बघायचं आणि त्या जमिनीचा एकच बूट घ्यायचा. नागपूरकरांना हे जास्त सांगावं लागतं, कारण बुटांवर जे लिहिलं जातं ते एक तर हिमालयाचं, नाही तर सह्याद्रीचं. आपली जमीन निराळी आहे. आपल्याकडे काळी माती आहे, जी पावसात सोलच्या खाचांत भरते आणि दहा पावलांत बुटाचं वजन दुप्पट करते. तिथं सोलचे दात खोल आणि एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे पाऊल उचललं की चिखल झडतो. बारीक, दाट नक्षीचा सोल दुकानात देखणा दिसतो आणि काळ्या मातीत सपाट पाटी होऊन जातो.

पाऊस सरला की कुसळं. दिवाळीच्या सुमारास रामटेकच्या मागच्या टेकड्यांत किंवा पेंचच्या बाजूला गवतातून चालून आलेल्या कुणालाही विचारा. जाळीच्या बुटात कुसळं अशी घुसतात की मोजा फेकावा लागतो, आणि जी टोचत राहतात त्यांनी चाल बिघडते. पावसाळ्यातला तो उत्तम जाळीदार बूट इथं त्रास देतो. हिवाळ्यातल्या रानवाटांना दाट विणीचा किंवा चामड्याचा वरचा भाग हवा, आणि सोल एवढा जाड हवा की बाभळीचा काटा आरपार येणार नाही. पळण्याच्या मऊ बुटातून सराटे आणि बाभूळ सहज पायापर्यंत पोचतात. ज्यांना एकाच जोडीत दोन्ही भागवायचंय त्यांनी जाळीचा बूट घ्यावा आणि हिवाळ्यात घोट्यावर कापडी गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारं आवरण, बांधावा.

खडकाची गोष्ट आणखी वेगळी. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टचा, पचमढीचा वालुकाश्माचा. कोरडा वालुकाश्म सोलला छान धरतो, पण त्यावर शेवाळ चढलं की दोन्ही सारखेच घातक. ओल्या दगडावर मऊ रबर चिकटून राहतं, टणक रबर घसरतं. उलट मऊ रबर मुरमाच्या वाटेवर लवकर झिजतं, टणक रबर वर्षानुवर्षं पुरतं. पकड आणि टिकाऊपणा ही ओढाताण कुठलीही किंमत मोजून पूर्ण सुटत नाही. मी नागद्वारसाठी नेहमी पकड निवडते. झिजलेला सोल बदलता येतो. व्हिब्रम या नावाचा जो पिवळा शिक्का महाग बुटांखाली दिसतो, त्याचा जन्मही अशाच विचारातून झाला. १९३५ मध्ये आल्प्समध्ये वितले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सोबती चढाईत दगावले, त्यांचे बूट तिथल्या थंडीला आणि बर्फाला पुरे पडणारे नव्हते. त्यानंतर दोनच वर्षांत त्यानं दातेरी रबराचा सोल बनवला.

उंच घोट्याच्या बुटांनी पाय मुरगळत नाही, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतात. १९९३ मध्ये अमेरिकेत सहाशेवर बास्केटबॉल खेळाडूंवर झालेल्या अभ्यासात उंच आणि बुटक्या बुटांत मुरगळण्याचा ठळक फरक दिसला नव्हता. उंच बुटानं दगडाचा मार, काटे आणि खडे अडतात हे खरं, पण वजनही वाढतं, आणि पायातलं एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंएवढं दमवतं. पाठीवर मोठी सॅक नसेल तर बुटका बूट पुरतो.

आणि हे सगळं बाजूला ठेवून सर्वांत महत्त्वाचं म्हणजे माप. आपल्याकडे अजून इंग्रजांच्या काळातली मापं चालतात. २०२१-२२ मध्ये चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा भारतीय पाऊल युरोप-अमेरिकेतल्यापेक्षा रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. म्हणून लांबीला बरोबर बसलेला परदेशी साच्याचा बूट आपल्या पंजाला आवळतो, मग माणूस एक नंबर मोठा घेतो आणि टाच आत उचलली जाऊ लागते. टाच घासली की फोड, बोटं पुढं आदळली की काळी नखं. बायकांच्या मापातले बूट तर बहुधा आणखी अरुंद. मी स्वतः पुरुषांच्या साच्यातला लहान नंबर घेते, आणि मैत्रिणींनाही तो एकदा घालून बघायला सांगते.

तर नातवाला घेऊन संध्याकाळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जा, सकाळी नको, कारण दिवसभरात पाय सुजलेला असतो आणि डोंगर उतरताना तो तेवढाच सुजतो. यात्रेत घालायचे तेच मोजे घालून न्या, सुती नकोत, ते ओले झाले की घासतात. दोन्ही पायांत बूट घालायला लावा, एक पाय जरा मोठा असतोच, त्याचं माप धरा. लेस बांधण्याआधी पाय पुढं सरकवून टाचेमागे एक बोट जायला हवं. मग लेस घट्ट बांधून दुकानाच्या पायऱ्या उतरायला सांगा. बोटांची टोकं पुढं लागली तर तो बूट परत ठेवा, किंमत कितीही असो. पंजा दोन्ही बाजूंनी दाबला जात असेल तर ‘वापरून सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका. खोक्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, तेही बघा, दोन वर्षांपूर्वीचा माल सवलतीत मिळत असला तरी घेऊ नका.

दोन-अडीच हजारांत जाळीदार, खोल दातांचा, ईव्हीएचा बूट मिळतो आणि नागद्वारला तो पुरेसा आहे. तेवढेही खर्चायचे नसतील तर कॅनव्हासचे रबरी सोलवाले साधे बूट घ्या. सह्याद्रीत कितीतरी जण वर्षानुवर्षं तसल्याच बुटांवर चढतात. फक्त आत एक बरा इनसोल, म्हणजे तळव्याखालची सुटी गादी, टाका, कारण त्यांचा तळ पातळ असतो. आणि मोच्याकडून सोलला चारी बाजूंनी शिलाई मारून घ्या. जाळीच्या किंवा कॅनव्हासच्या बुटाला शिलाईच्या भोकांनी काही बिघडत नाही.

नागपंचमीला अजून अवधी आहे. बूट आत्ताच घ्या आणि त्याला ते घालून रामटेकच्या पायऱ्या दोन-तीनदा चढाय-उतरायला लावा, एकदा तरी पावसात. कुठं घासतंय ते तिथंच कळेल. भिजलेला बूट उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नका, इनसोल काढून आत वर्तमानपत्र कोंबा आणि पंख्याखाली ठेवा. आणि तुमच्या त्या जुन्या बुटाचा फोम दाबून बघितलात की भुगा निघाला की नाही ते इथंच कळवा. रबर नुसतं सुटलेलं असेल तर तो बूट अजून दुरुस्त होण्यासारखा आहे.