नाइन एचची कवचकुंडलं

नवी गाडी घेतली की कुणी ना कुणी हा मजकूर पाठवतोच. त्याचा गाभा असा: ‘शोरूममधलं टेफ्लॉन घेऊ नका. पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) म्हणजे पैशांचा चुराडा. सरळ ९एच सिरॅमिक कोटिंग करा. काचेसारखा कडक थर बसतो, पाच वर्षं ओरखडा नाही, पाणी मारलं की गाडी साफ. पक्ष्यांची विष्ठा, ऊन, गंज, कशाचीच चिंता नाही.’

टेफ्लॉनबद्दलचा सल्ला बरोबर आहे. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई, आणि ते वितळतं ३२७ अंश सेल्सियसला. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात, तुमच्या बॉनेटला कुणी भट्टीत घालत नाही. शोरूममध्ये त्या नावाखाली मिळतं ते बहुतेक वेळा साधं पॉलिश आणि सीलंट असतं, काही महिन्यांत उतरणारं. बाकीचे दावे मात्र एकेक करून बघायला हवेत.

‘९एच म्हणजे ओरखडा पडत नाही’

हा एच पेन्सिलीवरचा आहे. एचबी, २एच अशा ज्या पेन्सिली स्टेशनरीच्या दुकानात मिळतात, त्याच. रंगाच्या थरावर ४५ अंशांत, ठरावीक वजनाखाली पेन्सिल ढकलायची आणि कोणत्या नंबरला थर ओरखडतो ते बघायचं, एवढीच ही चाचणी. मोजपट्टी ९एचला संपते, म्हणून ‘१०एच’ लिहिलेली बाटली दिसली तर दुकानदाराला चाचणी कशी केली ते जरूर विचारा. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट आणि माती. रस्त्यावरच्या धुळीतली वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, खनिजांचा कडकपणा मोजणाऱ्या मोह्ज मापावर ७ ला बसते. पेन्सिलीला दाद न देणारा थर वाळूपुढे टिकेलच असं नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जाडीची. कंपनीतून येणारा पूर्ण रंग साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि त्यातला वरचा पारदर्शक क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. त्यावर सिरॅमिक बसतं ते एखाद-दोन मायक्रॉनचं. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे अंदाज येईल. ट्रकच्या चाकातून उडालेली खडी हा थर अडवूच शकत नाही. किल्लीचा ओरखडाही नाही. कापडाने पडणारी अगदी बारीक जाळी थोडी कमी पडते, आणि तीही थर ताजा असेपर्यंत.

दुकानात लायटरची ज्योत फिरवून किंवा मार्करने रेघ ओढून दाखवतात, त्यालाही भुलू नका. क्षणभर फिरवलेल्या ज्योतीने साधा रंगही जळत नाही, कारण खालचा पत्रा उष्णता ओढून घेतो. आणि मार्करची शाई स्पिरिटच्या बोळ्याने कोटिंग नसलेल्या रंगावरूनही निघते.

‘पाणी मारलं की गाडी साफ’

या दाव्यात थोडं तथ्य आहे आणि नुकसानही याच दाव्याने सर्वांत जास्त होतं. कोटिंगवर चिखल कमी चिकटतो आणि धुणं सोपं होतं, हे खरं. पण धुळीचा पातळ थर नुसत्या पाण्याने जात नाही, त्याला शाम्पू आणि हात लागतोच. शिवाय पाण्याचे जे गोल मणी बघून आपण खूश होतो, तेच उन्हात वाळतात आणि त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार गोल डाग बनून मागे राहतो. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुवून तशीच वाळू दिली, तर कोटिंग केलेल्या गाडीवर हे डाग जास्त उठून दिसतात.

डाग ताजा असेल तर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच आरओचं पाणी एकत्र करून सावलीत, थंड पत्र्यावर मिनिटभर ठेवा. वाळू देऊ नका, लगेच शाम्पूने धुवा. तरीही डाग राहिला तर तो थरात उतरलाय. मग पॉलिशिंग करावं लागतं आणि तेवढ्या भागातलं कोटिंग त्याबरोबर जातं.

आपल्या सोसायट्यांमधला मोठा शत्रू वेगळाच: रोज सकाळी एक बादली आणि एक फडकं घेऊन वीस गाड्या पुसणं. दहाव्या गाडीपर्यंत त्या फडक्याचा पॉलिशपेपर झालेला असतो. यावर कुठलंच कोटिंग चालत नाही. दोष त्या पुसणाऱ्या माणसाचाही नाही. महिन्याला ठरलेल्या तुटपुंज्या पैशांत त्याच्याकडून दुसरी कुठली अपेक्षा करणार? त्याला रोज फक्त काचा पुसायला सांगा, तुमचं स्वतःचं फडकं द्या, आणि आठवड्यातून एकदा गाडी नीट धुवा. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची. मग दोन बादल्या: एकीत सौम्य, पीएच न्यूट्रल शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट, म्हणजे धुवायचा मऊ हातमोजा, प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात खळबळायचा. छतापासून खाली यायचं, चाकांना वेगळं कापड. शेवटी जाड मायक्रोफायबरने पाणी टिपायचं, घासायचं नाही.

‘पीपीएफ म्हणजे पैशांचा चुराडा’

गाडी फक्त शहरात, रोज दहा-पंधरा किलोमीटर चालत असेल तर पूर्ण गाडीला पीपीएफ ही चैन आहे, हे मान्य. पण आठवड्याला पुणे-कोल्हापूर करणाऱ्याच्या बंपरवर आणि बॉनेटच्या पुढच्या कडेवर वर्षभरात खडीचे पांढरे ठिपके उठतात. तिथे पीपीएफच हवी. ही फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची असते, म्हणजे धक्का पोटात घ्यायला तिच्याकडे जाडी आहे. सगळी गाडी झाकायची गरज नाही. पुढचा बंपर, बॉनेट, आरसे, दरवाज्यांच्या मुठींमागची खोबण, दरवाज्यांच्या कडा आणि डिकीच्या तोंडाशी बंपरची वरची बाजू, एवढ्यात बरंच काम होतं.

फिल्म टीपीयूची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची घ्या. स्वस्तातली पीव्हीसी उन्हात पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकड्या-तुकड्यांत निघते. ‘टीपीएच’ नावाने विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फिल्म मुळात पीव्हीसीच्याच जातकुळीतल्या असतात. उरलेला तुकडा मागून घ्या आणि ताणून बघा, टीपीयू रबरासारखी लांबते आणि परत येते. तुकडे प्लॉटरवर (संगणकावरून मापात कापणाऱ्या यंत्रावर) कापून आणणार की गाडीवरच ब्लेड चालवणार, हेही आधी विचारा. गाडीवर कापताना ब्लेड क्लिअर कोटमध्ये उतरलं तर ते फिल्म काढल्यावरच कळतं. ‘आपोआप भरणारे ओरखडे’ म्हणजे वरच्या थरातली बारीक जाळी, तीही ऊन किंवा गरम पाणी लागल्यावर. आरपार चीर भरत नाही. आणि प्रेशर वॉशरचा नोझल फिल्मच्या कडेपासून फूटभर तरी लांब ठेवा, नाहीतर कड उचलते.

दोन्ही करायचं असेल तर आधी फिल्म, मग तिच्यावर कोटिंग. उलट केलं तर गुळगुळीत कोटिंगवर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. पॅनेल बाहेर गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलं असेल तर फिल्म लावण्याआधी महिनाभर थांबा, आतलं सॉल्व्हंट बाहेर पडू द्या.

‘विष्ठा, ऊन, गंज’

विष्ठेतलं आम्ल कोटिंगमुळे थोडं उशिरा भिनतं, पण मेच्या उन्हात तापलेल्या बॉनेटवर ती दिवसभर राहू दिली तर डाग पडतोच. ओलं फडकं पाचेक मिनिटं ठेवून उचलून घ्या. उन्हाविरुद्धचं मुख्य काम क्लिअर कोटमधले यूव्ही शोषक करतात. गंज तर सुरू होतो पत्र्याच्या जोडांत, दरवाज्यांच्या खालच्या कडांत, खडीने रंग उडालेल्या जागी आणि गाडीच्या पोटाखाली. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत पैसे खर्च करायचेच असतील तर गाडीखालचं अँटीरस्ट आणि दरवाज्यांची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवणं, इकडे लक्ष द्या.

‘पाच वर्षं बघायला नको’

वॉरंटी कार्डाची मागची बाजू वाचा. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने त्याच दुकानात पैसे देऊन मेंटेनन्स करून घेण्याची अट बहुधा असते. त्या मेंटेनन्समध्ये दरवेळी कटिंग पॉलिश (रंगाचा वरचा थर घासून काढणारं पॉलिश) होणार असेल तर नाही म्हणा. मशीनने केलेल्या एका जोरकस करेक्शनमध्ये क्लिअर कोटचे काही मायक्रॉन जातात, आणि तो परत भरून येत नाही. काम सुरू होण्याआधी थिकनेस गेजने (रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने) पत्र्याच्या पॅनेलांचं रीडिंग लिहून घ्या (साधा गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही).

लावतानाची मुख्य चूक एकच: कोटिंग वेळेवर न पुसणं. ते हवेतल्या ओलाव्याने पक्कं होतं, म्हणून पावसाळ्यात पुसायला मिळणारा वेळ कमी होतो. दीड-दोन फुटांपेक्षा मोठा भाग एका वेळी घेतला की इंद्रधनुषी पट्टे राहतात. गाडी ताब्यात घेताना टॉर्च तिरपा धरून सगळी पॅनेलं बघा. असे पट्टे त्याच दिवशी ताजं कोटिंग लावून पुसता येतात. दोन दिवसांनी दिसले तर तेवढा भाग पुन्हा पॉलिश करूनच निघतात.